पेरलेले मारवेल उगवले नाही. आता माळाचे काय करावे?

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित दोन एकर मुरमाड माळजमीन आहे. तिथे पीक कधी घेतलेच नाही. माझ्या सासऱ्यांच्या काळात तिथे गुडघ्याच्या वर मारवेल गवत उभे राहायचे आणि त्याच्या पेंढ्यांवर जनावरांचा उन्हाळा निघायचा, असे घरातले सांगतात. आता कुसळी गवत आणि गाजर गवत यांच्याशिवाय फारसे काही दिसत नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही ट्रॅक्टरने माळ नांगरून घेतला, मारवेलचे बी विकत आणले, मृगाच्या आधी ते फोकले आणि वरून कुळवाची पाळी घातली. पाऊस बरा झाला, पण मारवेलचे एक रोपही दिसले नाही. गाजर गवत मात्र दुप्पट झाले. बी खोटे होते की आमची जमीनच मेली? पुन्हा पेरायचे तर कसे? गावात वृक्षारोपणाची मोहीम चालू आहे, तिथली रोपे या माळावर लावावीत का? आमच्या दोन गाई आणि सहा शेळ्या आहेत, त्यांना तिथे कधी सोडता येईल?
– एक वाचक भगिनी

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमची जमीन मेलेली नाही, आणि बी खोटेच असेल असेही मला वाटत नाही. मारवेल हे ज्वारी-बाजरीसारखे पेरून उगवून घेण्याचे गवत आहे, या समजुतीने तुम्ही कामाला लागलात आणि तिथेच घोटाळा झाला. म्हणून आधी मुख्य गोष्ट सांगतो : यंदा माळ नांगरू नका आणि बी विकत आणू नका. मारवेल बहुधा तुमच्याच बांधावर आहे. ते तिथून ठोंबांनी, म्हणजे मुळांसकट उचललेल्या गड्ड्याच्या तुकड्यांनी, माळावर न्यायचे आहे, आणि त्याला एक नव्हे, दोन पावसाळे द्यायचे आहेत.

बियाण्याविषयी तुमच्या मनात जो संशय आहे तो आधी दूर करू. मारवेलचे फुलोऱ्यावर आलेले ताट हातात घेऊन पाहा. ताटाच्या टोकाशी, पंजाची बोटे पसरावीत तशी, जांभळट झाक असलेली चार-सहा बारीक कणसे निघालेली दिसतील. त्या प्रत्येक कणसावर कोंडा-दाण्याची बोंडे जोडीजोडीने बसलेली असतात. जोडीतले एक बोंड दांड्याला बिनदेठाचे चिकटलेले असते, त्याला बारीक वाकडे कुसळ असते आणि दाणा भरला तर त्यातच भरतो. दुसरे छोट्या देठावर उभे असते, त्याला कुसळ नसते आणि त्यात दाणा धरत नाही. म्हणजे आपण ज्याला बी म्हणून पोत्यात भरतो, त्यातली जवळपास निम्मी बोंडे मुळातच वांझ असतात. उरलेल्या निम्म्यातही बरीच पोकळ निघतात, कारण कणसावरचे सगळे दाणे एकदम पिकत नाहीत आणि जे आधी पिकतात ते कापणीच्या आधीच गळून गेलेले असतात. चिमूटभर बी तळहातावर घेऊन अंगठ्याने चांगले चोळा आणि हलकी फुंकर घाला. कोंडा उडून गेल्यावर हातात जे पिवळट-तपकिरी, खसखशीहून थोडे लांबट दाणे उरतील, तेवढेच खरे बी. विकणाऱ्याने लबाडी केली नसली तरी किलोभर मालात किती दाणे होते हे या परीक्षेशिवाय कुणालाच सांगता आले नसते.

त्यात आणखी एक गुंता आहे. मारवेलचे ताजे बी काही महिने झोपलेले असते आणि ओल मिळाली तरी उगवत नाही. दिवाळीच्या सुमारास गोळा केलेले बी कोरड्या जागी राहिले तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत ही झोप बरीचशी उतरते, मात्र फार जुने झाले की त्याची उगवण पुन्हा घटत जाते. यापुढे कधी बी घेतलेत, तर शंभर बोंडे मोजून ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळा, तो तुकडा पंधरा दिवस ओला ठेवा आणि कोंब मोजा. शंभरात दहा-पंधरा कोंब दिसले तर निराश होऊ नका. फक्त त्या हिशेबाने बियाण्याचे प्रमाण वाढवा.

तुमच्या बियाण्याचा खरा घात मात्र कुळवाने केला असावा. एवढ्याशा दाण्यात कोंबाला पुरणारी शिदोरी फार थोडी असते. अर्ध्या-एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलेला दाणा उगवला तरी उजेडापर्यंत पोहोचत नाही, आणि कुळवाच्या पाळीने तो सहज दोन-तीन इंच खाली जातो. शिवाय तुम्ही पेरणी धुळीत केलीत. पहिल्या सरीने दाणा भिजून फुटला असेल आणि मधल्या उघडिपीत कोंब करपला असेल. जो फुटला नाही तो मुंग्यांनी वारुळात नेला असेल. मुंग्यांना हे बी किती प्रिय आहे याचा अनुभव मी स्वतः घेतलेला आहे. एका वर्षी पेरणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुंग्यांची एक शिस्तबद्ध रांग माझे अर्धे बियाणे वाहून नेताना मी पाहिली आणि तेव्हापासून कोरड्या मातीत हे बी टाकले नाही.

नांगरटीबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण ही चूक केवळ तुमची नाही. माळ ओसाड दिसला की नांगर घालावा, असे आपल्याकडे सर्वांनाच वाटते. मुरमाड माळावर मातीचा थर वीतभरही नसतो आणि तो थर जागेवर धरून ठेवण्याचे काम तिथल्या बहुवर्षायू गवतांची दाट, तंतुमय मुळे करत असतात. नांगराने ती मुळे उलटी होऊन उन्हात वाळतात, पहिल्या जोराच्या पावसात मोकळी झालेली माती ओघळीतून वाहून जाते आणि खाली दडलेले तणाचे बी वर येते. गाजर गवताला तर अशी उकरलेली, उघडी जमीन म्हणजे आमंत्रणच असते. १९५०च्या दशकात पुण्यात ज्याची प्रथम नोंद झाली ते हे परदेशी तण पुढे देशभर पसरले, ते मुख्यतः अशाच मोडलेल्या, मोकळ्या जागा धरत. जिथे गवताची गच्च चटई आहे तिथे त्याचे फारसे चालत नाही. तेव्हा गाजर गवत दुप्पट झाले याचा दोष पावसाला देऊ नये.

आता तुमच्या माळावर जे कुसळी गवत आहे त्याच्याकडे जरा आदराने पाहा. कपड्यांना आणि मेंढ्यांच्या लोकरीला टोचणाऱ्या कुसळांमुळे ते बदनाम आहे, पण त्याचे तिथे असणे हे चांगले लक्षण आहे. १९७३ साली दबडघाव आणि शंकरनारायण या दोन गवततज्ज्ञांनी भारतातल्या गवताळ भागांचे पाच मोठे प्रकार मांडले. त्यांतला दख्खनच्या माळांना व्यापणारा प्रकार त्यांनी सेहिमा-डायकॅन्थियम या नावाने ओळखला. सेहिमा म्हणजे आपला पवना आणि डायकॅन्थियम म्हणजे मारवेलाचे कूळ. माळ राखलेला असला की ही उत्तम वैरणीची गवते टिकतात. चराई वाढली की जनावरे आधी तीच खातात, ती मागे पडतात आणि कुसळी पुढे येते. त्याहूनही चराई वाढली तर कुसळीही जाऊन बोटभर उंचीची वार्षिक खुरटी गवते तेवढी उरतात. तुमचा माळ या उतरंडीच्या मधल्या पायरीवर आहे, तळाशी नाही. जिथे कुसळी तग धरते तिथे मारवेलला परत आणता येते, फक्त ज्या कारणाने ते गेले ते कारण आधी थांबले पाहिजे. सासऱ्यांच्या काळात दिवाळीपर्यंत माळ राखला जात असावा. नंतरच्या वर्षांत तो कुणी राखला नसावा, असा माझा अंदाज आहे.

यंदाचे पहिले काम मारवेल शोधण्याचे आहे आणि ते पावसाळा सुरू झाल्यावरच करता येईल. शेताचा बांध, ओढ्याची कड, विहिरीभोवतालची उतरण, दगडांच्या ताली आणि बाभळीच्या काटेरी जाळीखाली, म्हणजे जिथे जनावराचे तोंड सहज पोहोचत नाही तिथे पाहा. ओळखण्याची सोपी खूण अशी : ताट हातात धरून पेराजवळ डोळे न्या. मारवेलच्या पेरावर पांढऱ्या, मऊ केसांचे स्पष्ट कडे असते, जणू ताटाला कापसाची अंगठी घातली आहे. त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘अ‍ॅन्युलेटम’ या शब्दाचा अर्थही कडे असलेले असाच आहे. एका सावधगिरीची मात्र गरज आहे. याच्यासारखेच बोटांसारखा फुलोरा असलेले दुसरे एक गवत माळावर असते, आणि त्याच्या पेरावरही कधी कधी केस असतात. त्याच्या बोंडावर सुईने टोचल्यासारखा बारीक खड्डा असतो, मारवेलच्या बोंडावर तो नसतो. साधे भिंग घेऊन पाहिल्यास हा फरक कळतो. ते गवतही जनावरे खातात, त्यामुळे चुकून आले तर आकांत करण्याचे कारण नाही. तुम्हाला मिळालेले ठोंब फुलोऱ्याशिवायचे असतील तर पेरावरच्या कड्यावर विसंबून कामाला लागा. खात्री फुलोरा आल्यावर करता येईल.

ठोंब काढण्यासाठी आर्द्राचा पाऊस स्थिरावून माती खोलवर भिजू द्या. भिजल्याशिवाय खणलेत तर मुळे तुटतात. कुदळीने ठोंबाचा अर्धा भाग उचला आणि अर्धा जागेवर राहू द्या, म्हणजे बांध उघडा पडणार नाही आणि पुढच्या वर्षीही तिथे ठेवा राहील. दुसऱ्याच्या बांधावरून घेत असाल तर विचारून घ्या, हे सांगायला नको. उचललेला गड्डा हाताने फोडून तीन-चार फुटव्यांचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याला पांढरी, जिवंत मुळे हवीतच. मधला जुना, काळपट, लाकडासारखा झालेला भाग टाकून द्या आणि कडेचे कोवळे फुटवे घ्या. शेंड्याकडची पाने वीतभर ठेवून छाटा, कारण मुळे नवीन जागी धरेपर्यंत एवढ्या पानांना पाणी पुरवणे त्यांना झेपत नाही. लांब लोंबणारी मुळेही चार बोटांवर कापा, नाहीतर लावताना ती खड्ड्यात वर वळून बसतात. तयार तुकडे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी लावा. सकाळी काढून दुपारभर बांधावर उघडे टाकलेले ठोंब संध्याकाळी लावले, तर दोन दिवस हिरवे दिसतात आणि मग एकदम वाळतात. त्या वेळी दोष जमिनीवर जातो, खरे तर ते दुपारीच मेलेले असतात. लावताना फुटव्यांचा बुडखा जमिनीच्या पातळीला ठेवून भोवतालची माती पायाने घट्ट दाबा. हलकेच ओढल्यावर ठोंब हातात आला तर लावणी कच्ची झाली असे समजा.

हे सगळे दोन एकरांवर एकदम करू नका. पंचेचाळीस बाय तीस सेंटिमीटर अंतराने एका एकराला सुमारे तीस हजार ठोंब लागतात, आणि तेवढे काढायला अख्ख्या शिवारातले बांध पुरणार नाहीत. म्हणून यंदा विहिरीजवळची एक गुंठा जागा निवडा आणि त्याच अंतराने तिथे साडेसातशेच्या आसपास ठोंब लावा. ही तुमची रोपवाटिका. सोलापूरकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस अनेकदा दडी मारतो, तेव्हा या गुंठ्याला हाताने पाणी देता येईल आणि खुरपणही आवाक्यात राहील. कुजलेले शेणखत लावणीआधी घातलेत तर उत्तम, पण ताजे शेण नको, त्यातून तणाचे बी येते. पुढच्या पावसाळ्यापर्यंत एका ठोंबाचे निदान दहा तुकडे निघतील अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. म्हणजे सात-साडेसात हजार तुकडे झाले, आणि मीटरभर अंतराने ते तुमच्या जवळजवळ दोन्ही एकरांना पुरतील. मीटरभर अंतर फार वाटेल, पण तिथे आधीच कुसळी आहे आणि मधली जागा भरण्याचे काम मारवेलने स्वतःच्या बियाण्याने आणि फुटव्यांनी करायचे आहे. माळावर लावताना नांगर नको. कुदळीने तेवढ्यापुरता खड्डा घ्या आणि ओळी उताराला आडव्या धरा. दगडाच्या वरच्या अंगाला, जिथे माती आणि ओल साठते, तिथे लावलेला ठोंब हमखास धरतो.

यंदा माळावर करायचे काम एकच, ते म्हणजे गाजर गवत काढणे. पाऊस पडून माती मऊ असताना, त्याला पांढरी फुले येण्याच्या आत, ते मुळासकट उपटा. हातमोजे घाला आणि अंगभर कपडे असू द्या, कारण त्याने अनेकांच्या कातडीला खाज आणि पुरळ येते. फुले आल्यावर उपटून बांधावर टाकलेत तर श्रम वाया जातील. पावसाळ्यात दोन-तीन वेळा तरी फिरावे लागेल, आणि सलग काही वर्षे. याला आडवाट नाही.

बी अगदीच वापरू नये असे मी म्हणत नाही. रोपवाटिकेतल्या मारवेलवर यंदा ऑक्टोबर-नोव्हेंबरात कणसे पिकतील. हाताने ओरबाडून ती तीन-चार खेपांत गोळा करा, सावलीत वाळवा, कापडी पिशवीत टांगून ठेवा आणि पुढच्या पावसाळ्यात ठोंबांच्या ओळींमधल्या उघड्या जागी वापरा. चाळलेली माती आणि थोडे शेण ओलसर मळून त्यात बी मिसळावे, हरभऱ्याएवढ्या गोळ्या कराव्यात आणि दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर त्या जमिनीवर नुसत्या टाकाव्यात. वरून माती लोटू नये. गोळीमुळे बी वाऱ्याने उडत नाही आणि मुंग्यांच्या नजरेतूनही बरेचसे सुटते.

तुम्हाला कुणीतरी सुधारित वाणांची शिफारस करेल. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले मारवेल ०६-४० हा वाण वैरणीसाठी चांगला आहे. विहिरीचे पाणी असेल तर गोठ्याजवळ गुंठा-दोन गुंठे तो जरूर लावा आणि कापून घाला. स्टायलोसारखा द्विदल चाराही तिथे मिसळता येईल. माळावर मात्र मी बांधावरचे मारवेलच नेईन. तुमच्या मुरमात, तुमच्या उन्हाळ्यात, कुणी पाणी न घालता जे इतकी वर्षे टिकले, त्याच्याविषयी मला वाणाच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक भरवसा वाटतो.

वृक्षारोपणाबद्दल माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. मारवेलला भरपूर ऊन लागते आणि दाट सावलीत ते विरळ होत जाते. माळावर मुळात झाडे कमी असतात ती कुणी तोडली म्हणून नव्हे, तर तो माळच तसा आहे म्हणून. उघड्या माळावर घरटे करणारे चंडोल आणि धाविक, तिथेच वावरणारा लांडगा, आणि ज्याच्यासाठी तुमच्याच जिल्ह्यात १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले तो माळढोक, या सगळ्यांना मोकळे गवत हवे असते, रांगेत लावलेली रोपे नव्हेत. आधीपासूनची एखादी बाभूळ किंवा बोर असेल तर ती राहू द्या, जनावरांना सावली होईल. मोहिमेतली रोपे घराच्या परड्यात किंवा विहिरीकडे लावा. उन्हाळ्यात ‘जाळले की गवत चांगले फुटते’ असे सांगणाराही भेटेल. त्याचे ऐकू नका. जाळाने वर राहिलेला पालापाचोळा जातो, जमीन उघडी पडते आणि त्याचा फायदा मारवेलपेक्षा कुसळीला अधिक होतो.

राहता राहिली जनावरे. यंदा आणि पुढच्या वर्षी, म्हणजे ठोंब लावल्याचा पूर्ण पावसाळा, माळावर एकही जनावर जाता कामा नये. शेळ्या तर नाहीच, कारण नुकता लावलेला ठोंब त्या मुळासकट उपटतात. कुंपणाची ऐपत नसेल तर बाभळीच्या काट्यांचा आडोसा करा आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. न सांगता घातलेल्या कुंपणामुळे गवतापेक्षा भांडणेच जास्त उगवतात. मधल्या काळात गाईंची सोय कापून आणलेल्या चाऱ्याने होईल : माळावरची कुसळी कुसळे धरण्याच्या आधी, साधारण फुलोऱ्याच्या सुरुवातीला, विळ्याने कापून घाला. त्या अवस्थेत ती जनावरे चवीने खातात आणि तिचे बीही पडत नाही. मारवेलची पहिली कापणी दुसऱ्या वर्षी, निम्मा फुलोरा आल्यावर, जमिनीपासून चार बोटे वर धरून करा. त्यानंतर ताट निबर होत जाते आणि त्यातला कस उतरतो. दरवर्षी माळाचा साधारण चौथा भाग मात्र न कापता बी पडू द्या आणि तो भाग वर्षागणिक बदलत न्या.

चराईला मोकळीक तिसऱ्या वर्षी, पण कॅलेंडर पाहून नव्हे. पावसाच्या उघडिपीत माळावर जा, मारवेलचा झुपका मुठीत धरा आणि गाय जशी हिसका देऊन तोडते तसा हिसका द्या. पाने तुटून हातात आली आणि बुडखा जागचा हलला नाही, तर गाई सोडा, दिवसातून थोडा वेळ आणि माळाच्या एकाच भागात. ठोंब मुळांसह वर आला, तर तो पुन्हा दाबून बसवा आणि आणखी एक पावसाळा थांबा. शेळ्यांना गाईंनंतर एक वर्ष.